पवर्गाशी पैज

मराठीत मुलांसाठी चरित्रे भरपूर आहेत. पण त्यांचे नायक बहुधा घोड्यावर, तुरुंगात नाहीतर प्रयोगशाळेत भेटतात. रंगमंचावर काहीतरी अफलातून करून लोकांना हसवणारा कलावंत त्या रांगेत क्वचितच दिसतो. बाहेर मात्र असे घडले आहे. वारा सोडून सूर काढणारा मार्सेचा जोसेफ पुजोल १८९२मध्ये पॅरिसच्या मुलाँ रूजमध्ये गाजला. कॅथलीन क्रल आणि पॉल ब्रूअर यांनी २००८मध्ये ‘फार्टिस्ट’ या चित्रपुस्तकात त्याचे आयुष्य यमकांतून सांगितले.

आपला नायक मुंबईतच आहे: शंभरी ओलांडलेला अर्धवटराव. शब्दभ्रमकार यशवंत पाध्ये यांचा हा बोलका बाहुला. १९६७पासून त्यांचे पुत्र रामदास पाध्ये यांनी स्वतंत्र प्रयोग सुरू केले आणि अर्धवटराव-आवडाबाईंचा संसार दूरदर्शनवरून घरोघरी पोचवला. लिज्जत पापडाचा ससा त्यांचाच. ‘झपाटलेला’मधल्या (१९९३) तात्या विंचूचा बाहुलाही त्यांनीच घडवला. आज सत्यजित पाध्ये ही तिसरी पिढी तोच बाहुला घेऊन उभी आहे.

अर्धवटरावाचे चरित्रही मुलांसाठी असेच यमकांत लिहावे. पण यमकच का हवे? उत्तर बाराखडीत आहे. प, फ, ब, भ, म हा पवर्ग उच्चारताना ओठ मिटावेच लागतात, आणि शब्दभ्रमकाराला नेमके तेच चालत नाही. मग तो ओठांचे काम जिभेवर सोपवतो आणि जवळचा ध्वनी इतक्या बेमालूमपणे पेरतो, की प्रेक्षकाचे मन उरलेली दुरुस्ती स्वतःच करते. आवाज कुठे फेकला जात नाही. बाहुल्याच्या हलणाऱ्या जबड्याकडे डोळे जातात आणि कान डोळ्यांच्या मागे जातात. ‘बाबा’, ‘मामा’, ‘पापड’ यांतली ही मुलांच्या ओठांवरची पहिली अक्षरे, आणि शब्दभ्रमकाराची सर्वांत अवघड परीक्षाही तीच.

म्हणून या पुस्तकात पाध्यांच्या ओळी पवर्गाने ठासून भराव्यात आणि बाहुल्याच्या ओळींत पवर्ग औषधालाही नसावा:

नाटक झाले, टाळ्या झाल्या, हसली सारी आळी;
तोंड कुणाचे हलले नाही, तरी कशी आरोळी?

या दोन ओळी ओठ न मिटता म्हणता येतात. आरशासमोर वाचणारे मूल कला वाचणार नाही, करून बघेल. चित्रकारालाही इथे रान मोकळे आहे: गिरगावातल्या गणेशोत्सवाचा मांडव, दादरचे शिवाजी मंदिर, परळचा दामोदर हॉल, बाहुल्याच्या पाठीतल्या कळा आणि दोऱ्या.

भायखळ्याच्या राणीच्या बागेचे नाव विंदा करंदीकरांनी १९६१मध्ये बालकवितासंग्रहाला दिले, तेव्हा या शहरातली जागा मुलांच्या कवितेत कायमची आली. शहरातल्या कलावंतांनाही तो मान मिळायला हवा. हसवणे हे कष्टाचे, रियाजाचे काम आहे, हे मुलांना थोरांच्या चरित्रांइतक्याच आदराने कळले पाहिजे. दिवाळी अंकांनी बालविभागाची आठ पाने दिली, तरी सुरुवात होईल.