कावेरीची मूळ ठेव
फ्लाय फिशिंगमध्ये गळाला खरे आमिष नसते. पिसे व दोरा यांची कृत्रिम माशी प्रवाहावर अलगद सोडली जाते. या खेळात कसलेल्या हातांचीही परीक्षा पाहणारा आपल्या नद्यांतील मासा म्हणजे महसीर. १९४६ मध्ये कबिनी नदीत गळाला लागलेला महसीर तब्बल १२० पौंडांचा होता. कावेरी खोऱ्यातील या कुबडदार महसीराची शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये निश्चित झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. बाहेरून आणून सोडलेला निळ्या परांचा महसीर हे त्याच्या ऱ्हासाचे एक कारण मानले जाते. त्या माशाची पिल्ले आपल्या लोणावळ्यात वाढविलेली होती! हेतू संवर्धनाचाच होता. परंतु भरणा दुसऱ्याच खात्यात झाला, तर मूळ ठेव वाढत नाही. म्हणून नदी ओळखूनच मासा सोडावा.