उएनोहून कुसात्सूला



कामगार संघटनेच्या माणसाला व्यासपीठावर बोलावले, की तो बोनस, महागाईभत्ता आणि नवे कायदे यांवर बोलणार अशी आपली समजूत असते. आज आम्ही ती मोडणार आहोत. कोकणात गरम पाण्याच्या झऱ्याला ‘उन्हाळे’ म्हणतात. ऐन उन्हाळ्यात, पंख्याखाली बसून, जपानातल्या एका उन्हाळ्याची हकिकत आपण ऐकावी अशी आमची विनंती आहे. त्यात कामगारांचा विषय येणारच नाही असे वचन मात्र आम्ही देत नाही.

आमचे शिक्षण बेताचे. गिरणगावातल्या चाळीत वाढलो, १९८२ च्या संपात वडिलांची नोकरी गेली, तेव्हा शाळाही सुटली. पुढचे सारे वाचन संघटनेच्या कचेरीतले आणि फुकट वाचनालयातले. टोकियोतल्या काही कामगार मित्रांनी बोलावले म्हणून २०२३ च्या शरदात आम्ही तेथे गेलो. सभा संपल्यावर त्यांतील एक निवृत्त रेल्वे कामगार म्हणाले, “आमचा देश पाहावयाचा तर एकदा गरम पाण्यात बसले पाहिजे.” ते आमचे वाटाडे आणि दुभाषी झाले.

गाडी उएनो स्थानकातून सुटते. आम्हांला हे स्थानक पाहताच भाऊचा धक्का आठवला. कोकणचा माणूस बोटीतून तेथे उतरे आणि थेट गिरणीच्या दारात जाई, तसा जपानच्या उत्तरेकडच्या खेड्यांतला माणूस उएनोला उतरे. १९५४ पासून सुमारे वीस वर्षे तिकडून खास गाड्या येत. त्यांत माध्यमिक शाळा नुकतीच संपवलेली, पंधरा वर्षांची मुले-मुली भरलेली असत. फलाटावर मालक किंवा त्यांची माणसे नावाच्या पाट्या घेऊन उभी असत आणि मुले वाटून घेऊन जात. स्वस्त आणि सोशीक म्हणून या मुलांना ‘सोन्याची अंडी’ असे नाव पडले होते. कोंबडीला काय वाटले, ते कोणी विचारले नाही. आमचे वाटाडे याच रेल्वेत राबले. १९८७ साली ती सरकारी रेल्वे तोडून कंपन्यांच्या हवाली केली, १९९० साली १०४७ कामगार कायमचे घरी बसवले, आणि त्यांचा झगडा २०१० साली तडजोडीने मिटला. पण तो विषय वेगळ्या व्याख्यानाचा आहे.

उएनोपासून अडीच तासांचा प्रवास. पहिला तास सपाट मैदानाचा, घरांना घरे लागलेली. ताकासाकी गेल्यावर डोंगर जवळ येतात. हा गुन्मा प्रांत. १८७२ साली सरकारने फ्रेंच तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली काढलेली तोमिओका येथील रेशमाची गिरणी याच प्रांतात आहे. शिबुकावा येथे गाडी मुख्य मार्ग सोडून आगात्सुमा नदीच्या खोऱ्यात शिरते. हा फाटा १९४५ साली, युद्धाच्या अखेरच्या महिन्यांत, वरच्या खाणीचे लोखंडी दगड उतरवण्यासाठी सुरू झाला. आज त्याच वाटेने लोक अंग शेकावयास जातात. शेवटी नागानोहारा-कुसात्सुगुची नावाच्या लहान स्थानकावर उतरावयाचे आणि मोटारीने पंचवीस मिनिटे घाट चढावयाचा.

कुसात्सू समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंच आहे. वस्ती सहा-सात हजारांची, आणि वर्षाकाठी येणारे पाहुणे तीस लाखांहून अधिक. मोटारीतून उतरताच नाकाला गंधकाचा वास येतो. गावाच्या मधोमध, आपल्याकडे देऊळ किंवा बाजार असावा तेथे, वाफाळणारे पाणी उफाळते. त्याला ‘युबाताके’, म्हणजे गरम पाण्याचे शेत, म्हणतात. एवढ्या एका जागी दर मिनिटाला सुमारे ४००० लिटर पाणी येते. ते लाकडाच्या लांब पन्हळींतून सावकाश वाहवतात. त्यात दोन कामे साधतात : पाणी निवते, आणि तळाशी गंधकाचा पिवळसर थर बसतो. तो ठरावीक दिवसांनी खरवडून, वाळवून विकतात. त्याला ‘पाण्याचे फूल’ असे गोड नाव आहे.

पाणी इतके कढत, की त्यात अंग घालवत नाही. थंड पाणी मिसळावे, तर त्याचे सत्त्व जाते अशी समजूत. म्हणून माणसे सहा फूट लांबीच्या फळ्या घेऊन हौदाभोवती उभी राहात आणि गाणे म्हणत एका तालावर पाणी घुसळीत. आता हा प्रकार मुख्यतः पाहुण्यांना दाखवण्यासाठी होतो. खेळ करणाऱ्या बायका रंगीत पोशाखात असतात, आणि दिवसातून कित्येक वेळा तेच गाणे, तीच फळी. पूर्वी रोगी स्वतःच घुसळीत. मग मुख्य माणूस हुकूम देई, सर्वांनी डोक्यावर वीस-तीस तांबे गरम पाणी ओतून घ्यावयाचे, एकदम हौदात उतरावयाचे, तीन मिनिटे हालावयाचे नाही आणि हुकमासरशी एकदम बाहेर यावयाचे. एकटा हालला, तर लाट उठून शेजाऱ्याला चटका बसे. शिस्त कशासाठी असते हे संघटनेच्या वर्गात समजावताना आम्ही तासभर घसा कोरडा करतो. येथे तीन मिनिटांत समजत असे.

आमच्या स्नानाची फजिती थोडक्यात सांगतो. आधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवावयाचे, मगच सामाईक पाण्यात उतरावयाचे, आणि छोटा पंचा पाण्यात बुडवावयाचा नाही. आम्ही तो कमरेला लावूनच उतरलो. समोरचे म्हातारबाबा काही बोलले नाहीत. त्यांनी आपला पंचा उचलून, घडी करून डोक्यावर ठेवला आणि आमच्याकडे पाहात राहिले. आम्ही मुकाट्याने तसेच केले. चाळीच्या नळावर एवढ्या सभ्यतेने कोणी कोणाची चूक दाखवल्याचे आम्हांला स्मरत नाही.

हे पाणी लिंबाच्या रसाइतके आंबट आहे. त्यात ठेवलेला लोखंडी खिळा थोड्याच दिवसांत झिजून काडी होतो. जे पाणी कातडीवरचे जंतू मारते, तेच खाली नदीला मिळाले की मासे मारते. आगात्सुमा नदीला म्हणूनच लोक मेलेली नदी म्हणत. तिच्यावरच्या पुलांचे सिमेंट खंगे, शेताला पाणी चालेना. १९६४ साली गावाखाली एक कारखाना सुरू झाला. तेथे चुनखडीची भुकटी पाण्यात कालवून ती निवळी नदीत सोडतात. रोज पन्नास-साठ टन चुनखडी, रात्रंदिवस, वर्षाचे सर्व दिवस, कारण झऱ्याला रविवार नसतो. खाली एक छोटे धरण बांधून त्यात गाळ बसू देतात आणि तो उपसून डोंगरावर नेऊन टाकतात. तीस लाख पाहुण्यांपैकी फार थोडे तिकडे फिरकत असतील. आम्ही बराच वेळ तेथे उभे होतो. पाळी बदलताना माणसे एकमेकांना वाकून नमस्कार करीत होती.

यापुढची गोष्ट गावाच्या जाहिरातीत नसते. या पाण्याने महारोग बरा होतो या आशेने पूर्वी देशभरचे रोगी येथे येत. १८८७ साली त्यांना गावाच्या कडेला युनोसावा नावाच्या ओढ्याकाठी वेगळे बसवले. पाण्याने रोग बरा होत नव्हता; पण तेथे माणसाला माणसासारखे जगता येई. त्यांची स्वतःची घरे होती, दुकाने होती, ते कर भरीत, लग्ने करीत. १९१६ साली कॉर्नवॉल ली नावाच्या इंग्रज बाई आल्या आणि त्यांनी पदरच्या पैशाने तेथे दवाखाना आणि शाळा चालवली. मग सरकारने १९३२ साली गावाबाहेर कुरिउ राकुसेन-एन हे आश्रयस्थान काढले, रोग्यांना त्यात कोंडले आणि १९४१ साली युनोसावाची वस्ती मोडली. १९३८ ते १९४७ या काळात तेथे एक खास कोठडी होती. ‘नाठाळ’ ठरलेल्या रोग्यांना देशभरातून आणून तीत टाकीत. चौकशी नाही, न्यायालय नाही, आणि उणे वीस अंशांच्या थंडीत शेगडी नाही. ९३ माणसे तीत गेली, त्यांपैकी २३ मेली.

१९४७ साली त्याच रोग्यांनी सभा भरवली, मागण्या लिहून काढल्या आणि त्या वेशीबाहेर पोहोचवल्या. संसदेचे सभासद चौकशीला आले आणि कोठडी बंद झाली. १९५१ साली देशभरच्या रोग्यांनी आपली संघटना उभारली. बोटे झडलेल्या माणसांनी मागण्यांचा कागद लिहिला, हे ऐकल्यावर आम्हांला आमच्या कित्येक कागदांची लाज वाटली. कोंडून ठेवण्याचा कायदा मात्र १९९६ पर्यंत रद्द झाला नाही, औषध हाती येऊन पन्नास वर्षे होत आली तरी. २००१ साली कुमामोतोच्या न्यायालयाने सरकारला दोषी ठरवले आणि सरकारने अपील केले नाही. कोठडीच्या जागी आज पाया तेवढा उरला आहे. जवळच्या संग्रहालयात तिची हुबेहूब प्रतिकृती आहे. आम्ही आत जाऊन उभे राहिलो, आणि वाटाड्यांनी दार लोटले तेव्हा फार काळ उभे राहवले नाही.

परतताना कावारायु ओन्सेन येथे उतरलो. हेही जुने गरम पाण्याचे गाव, पण आता नव्या जागी. खाली यांबा धरणाचा जलाशय आहे. पुरांना आळा घालण्यासाठी या धरणाची कल्पना १९५२ साली निघाली होती, पण नदीच्या आंबट पाण्यात सिमेंट टिकणार नाही म्हणून ती मागे पडली. चुनखडीने पाणी निवळले आणि धरणाच्या कल्पनेने पुन्हा डोके वर काढले. गावाने पुढे कित्येक वर्षे विरोध केला. २००९ साली सरकार बदलले, काम थांबले. २०११ साली पुन्हा सुरू झाले. २०२० साली धरण पुरे झाले. ११६ मीटर उंचीची भिंत, आणि तिच्यामागे तीनशेहून अधिक घरांच्या जागा पाण्याखाली. रेल्वेचा जुना मार्गही २०१४ सालीच सोडून द्यावा लागला. मुळशीच्या माणसाला हे अधिक समजावून सांगावयास नको.

आम्ही वाटाड्यांना विचारले, “तुम्ही कोणाच्या बाजूचे होता?”

ते म्हणाले, “टोकियोत पूर आला, की माझे घर पाण्यात जाते. माझी आत्या इथल्या खालच्या गावात राहात होती.”

गाडीला अजून तास होता. नव्या स्नानगृहात आमच्याखेरीज दोनच माणसे होती. आम्ही अंग नीट धुतले आणि पंचा घडी करून डोक्यावर ठेवला.