बाटी हॉटेलात येते तेव्हा

बनारसमध्ये बाहेर खाणे जुने आहे; टेबलखुर्चीवर बसून पोटभर जेवणे त्यामानाने नवे. याचे कारण स्वयंपाकाच्या जुन्या विभागणीत सापडते. पाण्यात शिजणारा डाळभात आणि विस्तवावर भाजलेली रोटी म्हणजे ‘कच्ची रसोई’. तुपात तळलेली पुरी-कचोरी म्हणजे ‘पक्की’. कच्चीला सोवळ्याचे नियम कडक, म्हणून ती घरातच आणि आपल्याच माणसाच्या हातची खायची. पक्की मात्र हलवायाकडचीही चाले. सकाळी गल्लीत उभ्याने कचोरी-जिलेबी आणि दुपारी घरी डाळभात, हा बनारसी शिरस्ता याच नियमाला धरून आहे.

बाजारातल्या या खाण्याला परंपरेचे लेबल लावले जाते, तरी त्यातही नवे शिरत आलेच आहे. ठठेरी बाजारातल्या ‘राम भांडार’ या मिठाईच्या दुकानाशी जोडलेली तिरंगी बर्फी स्वातंत्र्यचळवळीच्या काळातली, 2024मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. गोदौलियाच्या ‘काशी चाट भांडार’मधली टमाटर चाट आज शहराची ओळख मानली जाते. टोमॅटो आणि उकडलेला बटाटा तव्यावर तुपात परतून, जिऱ्याचा गोड पाक घालून ती कुल्हडात देतात. टोमॅटो आणि बटाटा दोन्ही मुळात दक्षिण अमेरिकेतले, हे खाणाऱ्याच्या मनातही येत नाही.

बाटीची, म्हणजे कणकेच्या भाजलेल्या गोळ्याची, गोष्ट वेगळी. ती तळलेली नसते, पण घरच्या चुलीचीही नसते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायची असल्याने तिला मोकळी जागाच लागते. गंगेपलीकडे किंवा शहराबाहेरच्या बागेत जाऊन भांग घोटायची, आंघोळ करायची, बाटी लावायची, या सहलीला बनारसी माणूस ‘बहरी अलंग’ म्हणतो. अगहन (मार्गशीर्ष) महिन्यात पंचक्रोशी यात्रेच्या वाटेवर रामेश्वरला लोटा-भंटा मेळा भरतो. तिथे भाविक वरुणा नदीत स्नान करतात आणि बाटी-चोखा रांधून महादेवाला नैवेद्य दाखवतात. भंटा म्हणजे वांगे. रामनगरचे मोठे गोल वांगे याच भागातले, त्यालाही 2023मध्ये मानांकन मिळाले. वांगे, बटाटा, टोमॅटो भाजून कुस्करायचे आणि त्यात लसूण, मिरची, कच्चे मोहरीचे तेल घालायचे की चोखा तयार. खानदेशी भरीत खाणाऱ्याला तो ओळखीचा वाटेल. मोहरीच्या तेलाचा ठसका तेवढा नवा.

हेच रानातले जेवण तेलियाबागेतल्या ‘बाटी चोखा’ या रेस्टॉरंटने शहरात आणले. आतली मांडणी खेड्यातल्या घरासारखी आहे आणि ती थोडी नाटकी वाटते. पण बाटी गोवऱ्यांवरच भाजली जाते, हे महत्त्वाचे. सत्तूचे, म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याच्या पिठाचे, सारण भरलेली बाटी गॅसच्या भट्टीत फुगेल, पण धुराचा वास येणार नाही आणि त्या वासाशिवाय तिचा नुसता कणकेचा गोळा उरतो. जे रांधायला सगळ्या टोळीला अर्धा दिवस लागे, ते इथे ताटात वाढून येते. बदल एवढाच, पण मोठा.

अस्सी घाटावर प्रवाह उलटा वाहतो. परदेशी प्रवासी आणि 1916मध्ये स्थापन झालेल्या हिंदू विश्वविद्यालयाचे विद्यार्थी यांच्यामुळे तिथे लहान कॅफे रुजले. ‘वाटिका’मध्ये गंगेकाठी लाकडाच्या भट्टीतला पिझ्झा आणि अ‍ॅपल पाय मिळतो, सगळे शाकाहारी. तीर्थक्षेत्राच्या सोवळ्यात इटली अशी बसवली गेली आहे. भेलूपुरात ‘केरला कॅफे’ डोसे वाढते.

13 डिसेंबर 2021 रोजी काशी विश्वनाथ मंदिराचा कॉरिडॉर खुला झाला आणि यात्रेकरूंची गर्दी वाढली. त्यांना घरगुती जेवण हवे असते, कांदा-लसणाशिवाय हवे असते. म्हणून एकेकाळी घराबाहेर न पडणारी कच्ची रसोई आता ‘बनारसी थाळी’ या नावाने विकली जाते. हिवाळ्यात निमोना, म्हणजे वाटलेल्या हिरव्या मटारांची आमटी, आणि चूडा-मटर, म्हणजे तुपातले मटार घातलेले पोहे, खाऊन पाहावेत.

मलइयो मात्र हॉटेलांना जमत नाही. आटवलेले दूध रात्रभर उघड्यावर दवात ठेवून पहाटे घुसळतात आणि वर आलेला केशर-वेलचीचा फेस विकतात. थंडी आणि दव यांशिवाय तो धरत नाही. त्यामुळे मलइयो अजूनही चौखंबा आणि आसपासच्या गल्ल्यांतच, ऐन थंडीत सकाळी मिळते. फेस खाऊन संपला की दुकानदार त्याच कुल्हडात केशरी दूध ओततो.