उलटलेली कयाक आणि ग्रीनलंडचा शिकारी

नाव पालथी होते, शिकारी पाण्याखाली दिसेनासा होतो आणि काही क्षणांतच दुसऱ्या बाजूने नावेसह वर येतो. ध्रुवप्रदेशात गेलेल्या परक्यांना या दृश्याने नेहमीच चकित केले आहे. पाहणाऱ्यास ही कसरत वाटते. परंतु तिचा उगम खेळात नसून सीलच्या शिकारीत आहे.

ग्रीनलंडच्या किनाऱ्यावरील इन्युइट लोकांचे जीवन सीलवर अवलंबून होते. अन्न, दिव्याचे तेल, वस्त्रे, इतकेच नव्हे तर नावेवर चढवावयाचे कातडेही त्यापासूनच मिळे. तेथे नावेजोगे वृक्ष दुर्मीळच. म्हणून समुद्रप्रवाहांबरोबर दूरदेशीहून वाहत आलेल्या लाकडाचा सांगाडा करीत आणि स्त्रिया त्यावर कातडे शिवून बसवीत. ही कयाक सुमारे पाच मीटर लांब, पण रुंदीला जेमतेम अर्धा मीटर असे. ती निःशब्द व वेगवान होती, तशीच सहज कलंडणारीही होती.

उसळत्या लाटांचे भय होतेच. पण मोठे संकट शिकारीच्या क्षणीच ओढवे. हार्पून लागलेला सील बुडी मारी आणि हार्पूनची दोरी सरसर सुटत जाई. ती नावेत वा हातात अडकली, तर नाव उलटलीच म्हणून समजावे. शिकाऱ्यास बहुधा पोहता येत नसे. येत असते तरी गोठणबिंदूजवळच्या पाण्यात त्याचा निभाव लागणे कठीण होते. नाव सोडणे म्हणजे प्राणास मुकणे होते.

या संकटावरील उपाय त्याच्या पोशाखाने शक्य केला. ‘टुइलिक’ नावाचा कातडी अंगरखा चेहऱ्याभोवती व मनगटांशी आवळलेला असे आणि त्याचा घेर बैठकीच्या कड्याभोवती घट्ट बसविलेला असे. पाणी आत शिरत नसल्याने नाव व माणूस यांचा जणू एकच देह होई. मग वल्हे पाण्याच्या पृष्ठभागावरून कमानीसारखे ओढावयाचे, कमरेच्या हिसक्याने नाव सरळ करावयाची आणि मस्तक सर्वांत शेवटी वर काढावयाचे. ते आधी उचलण्याची घाई केली, तर त्याच्या भाराने नाव पुन्हा पालथी होई.

डाविड क्रांत्स याच्या १७६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रीनलंडच्या इतिहासात या विद्येचे अनेक प्रकार वर्णिले आहेत. वल्हे नावेवरील पट्ट्यांत अडकले आहे असे मानून वर येणे, हार्पून फेकण्याची काठी वापरून वर येणे, केवळ हाताच्या बळावर वर येणे: यांतील प्रत्येक प्रकारामागे घडू शकणारा एकेक अपघात उभा आहे.

ही विद्या अभय देत नसे. इंग्रज संशोधक जिनो वॉटकिन्स याने १९३० च्या मोहिमेत ग्रीनलंडच्या लोकांकडून ती आत्मसात केली. १९३२ मध्ये तो एकटाच सीलच्या शिकारीस गेला. नंतर त्याची कयाक सापडली, पण तो सापडला नाही.

पुढे मोटारबोटी आल्या आणि कयाकची शिकार मागे पडली. १९८० नंतर ग्रीनलंडच्या लोकांनीच हा वारसा पुन्हा हाती घेतला. आज तेथील स्पर्धांत तरुण मंडळी काठीने, हाताने, बंद मुठीनेही कयाक सरळ करून दाखवितात. जी विद्या त्यांच्या पूर्वजांनी घरी परतण्यासाठी शिकली, ती आता ते विसर पडू नये म्हणून शिकतात.