सत्तरीनंतरचा हक्क : आजी-आजोबांसाठी सरकारी आरोग्य योजना



हिमायतनगर, नारायणगुडा, काचीगुडा, सुलतान बाजार या भागांत आपली मराठी कुटुंबे कित्येक पिढ्यांपासून राहत आहेत. अनेक घरांत आजही आजी-आजोबा, आई-वडील आणि नातवंडे एकत्र नांदतात. घरात वडीलधारी मंडळी असणे हे भाग्यच आहे. परंतु वय वाढले की दुखणीही वाढतात, आणि एका ऑपरेशनचा खर्च घराची अनेक वर्षांची बचत संपवू शकतो. मग धावपळ सुरू होते. कोणी सांगतो, "आरोग्यश्री आहे ना!" कोणी म्हणतो, "ती आपल्याला नाही, आपले रेशन कार्ड वेगळे." या गोंधळात मोलाचा वेळ जातो. तहान लागल्यावर विहीर खणण्याची वेळ येऊ नये, म्हणून हा विषय शांतपणे समजून घेऊ या.

दोन योजना, दोन निकष

आपल्या राज्यात प्रथम आली ती आरोग्यश्री. सन २००७ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशात ती सुरू झाली. तेलंगण राज्यात ती पुढे चालू राहिली आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिची वार्षिक मर्यादा ५ लाखांवरून १० लाख रुपये करण्यात आली. या योजनेत वयाची अट नाही. मात्र ती मुख्यतः कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी असून तिचा आधार रेशन कार्ड हा राहिला आहे.

दुसरी योजना केंद्र सरकारची आहे. आयुष्मान भारत ही योजना २०१८ मध्ये गरीब कुटुंबांसाठी सुरू झाली. ११ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिचा विस्तार मंजूर केला आणि २९ ऑक्टोबर २०२४ रोजी, धन्वंतरी जयंतीच्या दिवशी, ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांसाठी ती खुली झाली. या ज्येष्ठांना मिळणाऱ्या कार्डाचे नाव 'आयुष्मान वय वंदना कार्ड' असे आहे.

येथे महत्त्वाची गोष्ट अशी की, या कार्डासाठी उत्पन्न विचारले जात नाही आणि रेशन कार्डाचा रंगही पाहिला जात नाही. निवृत्त शिक्षक असोत, दुकानदार असोत किंवा घरकाम करणाऱ्या आजी असोत, सत्तरी पूर्ण झाली की पात्रता आली. "आपण मध्यमवर्गीय, सरकारी योजना आपल्यासाठी नसते," असे समजून अनेक घरे चौकशीच करीत नाहीत. हा समज दूर व्हावा, हाच या लेखाचा मुख्य हेतू आहे.

रक्कम किती आणि कोणासाठी?

संरक्षण वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे, आणि ते माणशी नसून कुटुंबातील सत्तरीवरील सर्वांचे मिळून आहे. उदाहरण घेऊ. आजोबा ७६ वर्षांचे आणि आजी ७२ वर्षांच्या आहेत. आजोबांच्या उपचारावर २ लाख खर्च झाले, तर त्या वर्षी दोघांसाठी मिळून ३ लाख उरतात. आजी ६८ वर्षांच्या असत्या, तर वयाच्या निकषावर त्यांना हा लाभ मिळाला नसता. बँकेच्या ठेवीवर साठीनंतर ज्येष्ठ नागरिकाचा दर्जा मिळतो, म्हणून येथेही साठच असेल असे काहींना वाटते. येथे मर्यादा ७० चीच आहे.

जे कुटुंब आधीपासून आयुष्मान भारतमध्ये आहे, त्यातील सत्तरीवरील सदस्यांना ५ लाखांचे वेगळे संरक्षण मिळते. ते घरातील तरुण सदस्यांबरोबर वाटून घ्यावे लागत नाही.

खाजगी विमा असला किंवा ई.एस.आय.चा लाभ मिळत असला तरी हे कार्ड काढता येते. परंतु केंद्र सरकारच्या निवृत्त कर्मचाऱ्यांची सी.जी.एच.एस. किंवा माजी सैनिकांची ई.सी.एच.एस. योजना ज्यांच्याकडे आहे, त्यांना जुनी योजना किंवा ही, यांपैकी एकच निवडावी लागते. सी.जी.एच.एस.मध्ये दवाखान्यातील तपासणी व दररोजची औषधेही मिळतात. त्यामुळे अशा मंडळींनी घाईने बदल करू नये.

काय मिळते, काय मिळत नाही

राष्ट्रीय यादीत २७ वैद्यकीय शाखांतील १९६१ उपचार आहेत. हृदयाची अँजिओप्लास्टी, कर्करोगावरील उपचार, डायलिसिस, मोतीबिंदू, गुडघ्याचे सांधेरोपण अशा म्हातारपणी लागणाऱ्या अनेक गोष्टी त्यात येतात. जुना मधुमेह किंवा रक्तदाब असला तरी पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. खाजगी विम्यात अशा आजारांसाठी अनेकदा काही वर्षे थांबावे लागते, हे लक्षात घेतले तर याचे मोल कळेल. दाखल होण्यापूर्वीच्या ३ दिवसांचा आणि घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांचा ठरावीक खर्चही यात धरला आहे.

मात्र डॉक्टरांकडे नुसते दाखवून येणे, दर महिन्याच्या गोळ्या, चष्मा यांचा खर्च यात बसत नाही. ही योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. तसेच ती कॅशलेस आहे. संलग्न नसलेल्या रुग्णालयात पैसे भरून नंतर पावत्या देऊन रक्कम परत मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

केंद्राची ही योजना राज्यांच्या यंत्रणेमार्फत चालते. म्हणून आपल्या जवळच्या कोणत्या रुग्णालयात हे कार्ड चालते, हे कार्ड काढतानाच विचारून ठेवावे. दाखल होताना आरोग्यमित्राच्या टेबलावर कार्ड दाखवावे.

गावाकडच्या आजी-आजोबांचे काय?

आपल्यापैकी पुष्कळांचे नातेवाईक नांदेड, परभणी, लातूरकडे आहेत. उपचारासाठी ते हैदराबादला येतात. महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही त्या राज्यातील रहिवाशांसाठी आहे. तिच्या भरवशावर येथे येऊ नये. आयुष्मान कार्ड मात्र देशातील संलग्न रुग्णालयांत चालावे, अशीच त्याची रचना आहे. तरीही निघण्यापूर्वी रुग्णालयात फोन करून खात्री करावी.

आज काय करावे?

१. घरातील ज्येष्ठांचे आधार कार्ड पाहावे. पात्रता त्यावरील वयानुसारच ठरते. अनेक जुन्या कार्डांवर फक्त जन्मवर्ष असते, काहींवर वय चुकलेले असते.

२. चूक असल्यास पुराव्यासह आधार केंद्रात दुरुस्ती करावी. जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, म्हणून कागद नीट तपासून जावे.

३. आधारला चालू मोबाईल क्रमांक जोडावा.

४. आयुष्मान ॲपवरून किंवा कॉमन सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन कार्ड काढावे. माहितीसाठी १४५५५ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

५. अनोळखी व्यक्तीला ओ.टी.पी. सांगू नये, तसेच "कार्ड मिळवून देतो" म्हणणाऱ्या दलालाला पैसे देऊ नयेत.

आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना माझी खास विनंती आहे. मोबाईल तुम्हाला आमच्यापेक्षा चांगला कळतो. या रविवारी आजी-आजोबांजवळ बसा, त्यांचे आधार कार्ड हातात घ्या आणि वरील पाच गोष्टी तपासा. शेजारी एकटे राहणारे कोणी ज्येष्ठ असतील, तर आई-वडिलांना सोबत घेऊन त्यांनाही मदत करा. विश्वस्त मंडळींपैकी ज्यांनी सत्तरी ओलांडली आहे, त्यांनीही आपले कार्ड काढून इतरांपुढे उदाहरण ठेवावे, अशी नम्र प्रार्थना.

वडीलधाऱ्यांच्या पाया पडणे हा आपला संस्कार आहे. त्यांचे कागद वेळेवर तयार ठेवणे हाही त्याच संस्काराचा भाग आहे.

आपला,
मुख्याध्यापक