डोळ्याची पापणी लवण्याआधी…

६ ऑगस्ट २०२२. शनिवार. डेडलाइन डोक्यावर होती आणि मी मात्र टीव्हीला चिकटून बसले होते. बर्मिंगहॅमला कॉमनवेल्थ गेम्समध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची फायनल सुरू होती. शेवटच्या काही मीटरमध्ये केनियाच्या अब्राहम किबिवोतला खेटून पळत होता आपला अविनाश साबळे!

किबिवोत ८ मिनिटं ११.१५ सेकंद. अविनाश ८ मिनिटं ११.२० सेकंद. फरक ०.०५ सेकंदांचा. पापणीसुद्धा एवढ्यात लवत नाही हो!

‘अरेरे, गोल्ड गेलं’ असं मी ओरडले खरी. पण बॉस, जरा थांबा. १९९८पासून दर कॉमनवेल्थमध्ये या शर्यतीची तिन्ही मेडल्स केनियाच नेत होता. ती मक्तेदारी मोडली बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या या पोराने.

स्टीपलचेस म्हणजे नुसतं पळणं नाही. साडेसात फेऱ्यांमध्ये २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या. अविनाशची खरी शर्यत तर त्याआधीच सुरू झाली होती. घरची परिस्थिती बेताची, शाळा काही किलोमीटर लांब. बारावीनंतर थेट लष्करात भरती. सियाचेनची थंडी बघितली, राजस्थानचं ऊनही. शर्यतीत तो उतरला तो लष्करात गेल्यावर. आणि २०१८मध्ये त्याने गोपाल सैनींचा १९८१चा राष्ट्रीय विक्रम मोडला. ३७ वर्षं टिकलेला!

पण म्हणून सगळं गोड गोड झालं असं नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने ८:१८.१२चा नवा राष्ट्रीय विक्रम केला, तरी फायनल हुकली. आपल्यापैकी कुणी दुसऱ्या दिवशी राजीनामाच टाइप केला असता! तो मात्र पळत राहिला. २०२३च्या हांगझोउ एशियाडमध्ये गोल्ड. २०२४मध्ये पॅरिस डायमंड लीगमध्ये ८:०९.९१, आणि पुढच्याच महिन्यात ऑलिंपिकच्या फायनलमध्ये अकरावा. या शर्यतीच्या ऑलिंपिक फायनलला पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष.

२०२५मध्ये गुडघा दुखावला, ऑपरेशन झालं. वर्ल्ड चॅम्पियनशिप हुकली. अडथळा क्रमांक एकोणतिसावा म्हणायचा!

अप्रेझलमध्ये अर्ध्या टक्क्याने मागे पडलो की आपला आठवडाभर मूड जातो. अशा वेळी मी हल्ली एवढंच आठवते : ०.०५ सेकंदांनी मागे राहिलेला तो माणूस पुढच्याच वर्षी एशियाडचं गोल्ड घेऊन आला होता.