शेख दीन महंमद : लंडनमधला पहिला हिंदुस्थानी खानावळवाला

जॉर्ज स्ट्रीटवरची पाटी

लंडनच्या पोर्टमन स्क्वेअरजवळ, जॉर्ज स्ट्रीटवरच्या 102 क्रमांकाच्या इमारतीवर एक हिरवी गोल पाटी आहे. 1810 मध्ये इथे ‘हिंदुस्तानी कॉफी हाऊस’ होते, असे ती सांगते. हिंदुस्थानी माणसाने काढलेली लंडनमधली ही पहिली खानावळ. ती पाटी लागली 2005 मध्ये, म्हणजे खानावळ उघडल्यावर तब्बल 195 वर्षांनी. इतका उशीर व्हायला नको होता, असे मला मनापासून वाटते.

पाटण्याहून कॉर्कला

दीन महंमदचा जन्म 1759 मध्ये पाटण्यात झाला. वडील कंपनी सरकारच्या फौजेत होते. ते गेले तेव्हा हा दहा-अकरा वर्षांचा होता. गॉडफ्री बेकर नावाच्या आयरिश अधिकाऱ्याच्या मागे तो छावणीत शिरला आणि पुढे सुभेदार झाला. बेकरने नोकरी सोडली तेव्हा दीन महंमदही त्याच्याबरोबर निघाला आणि 1784 मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कला पोहोचला. तिथे जेन डेली या मुलीशी त्याने पळून जाऊन लग्न केले. 1794 मध्ये त्याने आपले प्रवासवर्णन छापले. हिंदुस्थानी माणसाने इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेले हे पहिले पुस्तक.

खानावळीत काय होते

पुढे दीन महंमद लंडनला आला आणि त्याने खानावळ काढली, तेव्हा मसाल्याची करी तिथे नवी नव्हती. हेमार्केटमधल्या एका कॉफी हाऊसात ती 1773 पासूनच मिळत होती. नवे होते ते हे, की आता गल्ल्यावर खुद्द हिंदुस्थानी मालक होता आणि कोणत्या पदार्थाची चव कशी असायला हवी, हे तो ठरवत होता.

बसायला वेताच्या खुर्च्या होत्या, भिंतींवर हिंदुस्थानातली दृश्ये होती आणि हुक्का ओढायला वेगळी खोली होती. हाताने लिहिलेला एक दरफलक आजवर टिकला आहे. त्यात चिकन करी आहे, लॉब्स्टरची करी आहे आणि अननसाचा पुलावही आहे. करी 12 शिलिंगांना आणि अननसाचा पुलाव 1 पौंड 16 शिलिंगांना. इंग्लंडमधल्या शेतमजुराची आठवड्याची मजुरी त्या काळी साधारण 12 शिलिंगांच्याच घरात होती, म्हणजे हे जेवण कोणासाठी होते ते उघड आहे. आधी कळवले तर जेवण रांधून घरपोच पाठवायचीही सोय होती. 1811 च्या ‘टाइम्स’मधल्या जाहिरातीत त्याने ती नमूद केली आहे.

दिवाळे

पोर्टमन स्क्वेअरच्या आसपास कंपनीच्या चाकरीत पैसा कमावून परतलेले साहेब राहत. गिऱ्हाईक तिथेच मिळेल, हा हिशोब चुकीचा नव्हता. पण अशा बऱ्याच घरांत हिंदुस्थानी पदार्थ करणारे आचारी होते, आणि खाडा न करता खानावळीत येणारी माणसे जमवायला वेळ लागतो. तेवढा वेळ काढायला लागणारे भांडवल त्याच्याकडे नव्हते. 1812 मध्ये दिवाळे निघाले. पुढच्या वर्षी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, त्याने घरकामाच्या नोकरीसाठी वर्तमानपत्रात जाहिरात दिली. वेताच्या खुर्च्या मांडून आपले दुकान सजवणाऱ्या माणसाने ती जाहिरात लिहिताना काय सोसले असेल, या विचाराने मला दरवेळी गलबलून येते.

ब्रायटनची चंपी

1814 मध्ये तो समुद्रकाठच्या ब्रायटनला गेला आणि तिथे त्याचा जम बसला. वाफेचे स्नान आणि अंगाला चंपी असा तो व्यवसाय होता. आपण केस धुताना म्हणतो तो ‘शाम्पू’ शब्द याच चांपण्या-चेपण्यातून इंग्रजीत गेला. त्या वेळी त्याचा अर्थ मालिश असाच होता. राजा चौथा जॉर्ज आणि त्याच्यानंतरचा चौथा विल्यम, दोघांनीही त्याला आपला ‘शाम्पूइंग सर्जन’ नेमले.

मागे राहिले ते

डिसेंबर 1850 मध्ये जेन गेली. दोनच महिन्यांनी, 24 फेब्रुवारी 1851 रोजी, दीन महंमदही गेला. ब्रायटनच्या सेंट निकोलस चर्चच्या आवारात त्याला पुरले आहे. त्याचा नातू फ्रेडरिक तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता. पुढे लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये डॉक्टर झालेल्या या नातवाने, मूत्रपिंडाचा आजार नसतानाही रक्तदाब वाढू शकतो, हे दाखवून दिले. त्याचे पूर्ण नाव फ्रेडरिक हेन्री होरॅशियो अकबर महंमद.